गहुंज्याचे बारा बळी आणि रांचीची 77 षटके

पुण्यात गेली बरीच वर्षे मी शाळकरी मुलांना फिरकी गोलंदाजी शिकवतो, आणि तरुणपणी क्लब क्रिकेटमध्ये मी स्वतः डावखुरी फिरकीच टाकत असे. त्यामुळे मुलांचे आईवडील, जुने सहकारी आणि कधीकधी मुलेसुद्धा मला एक प्रश्न हमखास विचारतात: नमुना म्हणून तुम्ही मुलांना कोणाची गोलंदाजी दाखवता? मी स्टीव्ह ओकीफ या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाचे नाव घेतले की समोरचा माणूस क्षणभर आठवू लागतो आणि मग म्हणतो, "तो ऑस्ट्रेलियाचा, गहुंज्याला आपल्याला गुंडाळणारा? पण तो तर नऊच कसोटी सामने खेळला. बेदी सोडून, जडेजा सोडून, त्याला का?" उभ्याउभ्या दिलेल्या उत्तराने कोणाचेच समाधान झालेले मला दिसले नाही. तुम्ही विचारलेत म्हणून आज ते सविस्तर लिहितो.

23 फेब्रुवारी 2017 या दिवशी पुण्याजवळच्या गहुंज्याच्या मैदानावर पहिलावहिला कसोटी सामना सुरू झाला. विराट कोहलीचा भारतीय संघ तेव्हा सलग 19 कसोटींत अपराजित होता, आणि ऑस्ट्रेलियाने भारतात शेवटचा कसोटी विजय मिळवला होता तो 2004 मध्ये नागपूरला. ही मालिका भारत सहज जिंकणार यावर आम्हा पुणेकरांचे एकमत होते. खेळपट्टी कोरडी ठणठणीत होती आणि पहिल्याच सकाळी वेगवान गोलंदाजाऐवजी फिरकी टाकणाऱ्या अश्विनच्या हाती नवा चेंडू दिला गेला, त्यावरून पुढचे दिवस कसे असणार हे कोणालाही कळले असते. ऑस्ट्रेलियाने 260 धावा केल्या. त्यातल्या अखेरच्या 55 धावा स्टार्कने हेझलवूडला साथीला घेऊन जोडल्या आणि त्या भागीदारीत हेझलवूडचा वाटा एका धावेचा होता.

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर होतो. उपाहारापूर्वी स्टार्कने पुजारा आणि कोहलीला एकाच षटकात बाद केले, कोहली शून्यावर. ओकीफला मात्र सकाळच्या सत्रात एकही बळी मिळाला नाही. तो वाईट टाकत नव्हता. त्याचे चेंडू वळत होते, पण ते ज्या वेगाने आणि ज्या उंचीवरून येत होते त्याने फलंदाजाला मागे सरून खेळायला पुरेसा वेळ मिळत होता. उपाहाराच्या सुट्टीत तो सल्लागार प्रशिक्षक श्रीधरन श्रीराम यांच्यासोबत सराव करायला बाहेर आला. श्रीराम म्हणजे भारताकडून एकदिवसीय सामने खेळलेले तमिळनाडूचे डावखुरे खेळाडू. ऑस्ट्रेलियाच्या संघाने त्यांना फिरकीच्या कामासाठीच सोबत घेतले होते. चाळीस मिनिटांच्या त्या सुट्टीत, जेव्हा बाकीचे जग जेवत असते, तेव्हा एक बत्तीस वर्षांचा गोलंदाज स्वतःचा वेग दुरुस्त करत होता. मी मुलांना ओकीफची गोष्ट सांगतो तेव्हा सुरुवात इथून करतो.

उपाहारानंतर भारत 3 बाद 94 होता. लोकेश राहुल 64 धावांवर सुरेख खेळत होता. ओकीफच्या एका चेंडूवर त्याने लाँग ऑफच्या दिशेने उंच फटका मारला, खांदा दुखावून घेतला आणि वॉर्नरच्या हाती झेल दिला. त्याच षटकात रहाणेचा झेल स्लिपमध्ये हँड्सकॉम्बने झेपावून टिपला आणि त्याच षटकात साहा स्मिथकडे झेल देऊन परतला. एका षटकात तीन. अश्विनला लायनने बाद केले. त्यानंतर जयंत यादव यष्टिचीत झाला, जडेजा आणि उमेश यादव झेलबाद झाले, आणि शेवटचे सात बळी 11 धावांत जाऊन भारताचा डाव 105 वर संपला. ओकीफ 13.1 षटके, 2 निर्धाव, 35 धावा, 6 बळी.

मी ज्या बाजूला बसलो होतो तिथे आरडाओरडा थांबून लोक एकमेकांना विचारू लागले होते की हा चेंडू वळतोय तरी किती. माझ्यासोबत माझा एक विद्यार्थी होता, तेव्हा तेरा वर्षांचा. तो म्हणाला, "सर, जडेजाचा याच्यापेक्षा जास्त वळत होता." मुलाने बरोबर पाहिले होते, आणि माझे सगळे उत्तर त्याच्या त्या वाक्यात आहे.

जडेजाने त्या सामन्यात दोन्ही डाव मिळून 5 बळी घेतले आणि त्याचे कितीतरी चेंडू बॅटच्या कडेपासून बोटभर अंतराने निघून गेले. चेंडू इतका वळत होता की कडेला लागण्याऐवजी तिला चुकवूनच जात होता. प्रेक्षक टाळ्या वाजवत होते, यष्टिरक्षक डोक्याला हात लावत होता आणि फलंदाज मात्र खेळपट्टीवर तसाच उभा होता. ओकीफचे काम वेगळे होते. डावखुरा फिरकी गोलंदाज तर्जनीने चेंडूला पीळ देतो. त्या भेगाळलेल्या खेळपट्टीवर चेंडूची शिवण जमिनीला लागली तर तो झटकन वळे आणि बाजूचे गुळगुळीत चामडे लागले तर तोच चेंडू घसरून सरळ आत येई. हातातून दोन्ही चेंडू अगदी एकसारखे सुटत. कोणता वळेल आणि कोणता सरळ जाईल हे गोलंदाजालाही नक्की सांगता येत नाही, मग फलंदाजाला कुठून कळणार? ओकीफने एवढेच केले की चेंडूचा वेग किंचित वाढवला, टप्पा हलू दिला नाही आणि रेषा यष्ट्यांवर ठेवली, म्हणजे वळला तर कड आणि न वळला तर पाय किंवा यष्टी. हे सांगायला सोपे आहे. करायला किती अवघड आहे ते ज्याने एखादी संपूर्ण दुपार एका रुमालाच्या आकाराच्या जागेवर चेंडू टाकण्याचा प्रयत्न केला आहे, त्यालाच ठाऊक.

तिसऱ्या दिवशी स्टीव्ह स्मिथने शतक केले. 109 धावांच्या त्या खेळीत आपण त्याचे झेल सोडले हे खरे, पण इतक्या खडतर खेळपट्टीवर परदेशी फलंदाजाने केलेली तशी खेळी मी तरी दुसरी पाहिलेली नाही. भारतासमोर 441 धावांचे लक्ष्य आले. डाव सुरू झाला आणि विजयला ओकीफने पायचीत केले. विजयने रिव्ह्यू, म्हणजे पंचांच्या निर्णयाची फेरतपासणी, मागितला, तो वाया गेला. राहुलला लायनने पायचीत केले, त्यानेही मागितला, तोही वाया गेला. पहिली काही षटके होतात न होतात तोच दोन्ही रिव्ह्यू संपले होते. दोघांनाही चेंडू वळेल असे वाटले होते.

मग कोहली. तो 13 धावांवर होता. ओकीफचा चेंडू टप्प्यावर पडला, कोहलीने तो बाहेर वळून जाणार असे धरून बॅट वर उचलली, खांद्याच्या मागे नेली आणि चेंडू सोडून दिला. चेंडू वळला नाही. सरळ आला आणि ऑफ यष्टीवर आदळला. त्या क्षणी स्टेडियममध्ये जी शांतता पसरली ती मला अजून कानात ऐकू येते, कारण तिच्यात चिडणे नव्हते, केवळ न समजणे होते. जगातला त्या घडीचा सर्वांत तयार फलंदाज एका न वळलेल्या चेंडूला यष्टी उघडी करून देतो, याचा अर्थ आदल्या दिवसापासून प्रत्येक चेंडूने त्याच्या मनात थोडे थोडे वळण पेरले होते. तो बळी त्या एका चेंडूने मिळालेला नाही. आधीच्या सगळ्या चेंडूंनी मिळून तो घेतला.

पुढे पुजारा, अश्विन आणि साहा तिघेही ओकीफच्या चेंडूंवर पायचीत झाले, रहाणेचा झेल लायनने पकडला आणि भारत 107 वर सर्वबाद झाला. ऑस्ट्रेलिया 333 धावांनी विजयी. दुसऱ्या डावातही ओकीफच्या नावापुढे 35 धावांत 6 बळी. दोन्ही डावांचा आकडा तोच आला, सामन्यात 70 धावांत 12. भारतात पाहुण्या फिरकी गोलंदाजाची त्या दिवसापर्यंतची ती सर्वोत्तम कामगिरी होती. सामना तिसऱ्याच दिवशी संपला आणि सामनाधिकारी ख्रिस ब्रॉड यांनी खेळपट्टीवर निकृष्ट असा शेरा मारला. तो शेरा योग्यच होता असे मी मानतो. परंतु "खेळपट्टीने बळी घेतले, ओकीफने नव्हे" असे जे पुण्यात आजही म्हटले जाते, ते मला मान्य नाही. तीच खेळपट्टी अश्विनला मिळाली होती, जडेजाला मिळाली होती, आणि या दोघांइतके भारतीय मातीचे ज्ञान कोणाला होते?

त्याच मैदानावर ऑक्टोबर 2024 मध्ये न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरने 157 धावांत 13 बळी घेऊन भारताला हरवले. तोही डावखुरा फिरकी गोलंदाज. ओकीफचा आकडा तोवर मागे पडलाच होता, कारण 2021 मध्ये वानखेडेवर न्यूझीलंडच्याच डावखुऱ्या एजाज पटेलने 14 बळी घेतले होते. या तिघांना ओळीने पाहणाऱ्याला एक गोष्ट दिसेल: आपल्या फलंदाजांना या प्रकारच्या गोलंदाजीचा त्रास वळणाऱ्या चेंडूमुळे कमी आणि न वळणाऱ्या चेंडूमुळे अधिक झाला आहे. त्याची पहिली ठसठशीत खूण मला ओकीफने दाखवली.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. नऊच कसोटी खेळलेल्या माणसाला नमुना का मानायचे? त्यासाठी त्याची बाकीची कारकीर्द पाहावी लागेल, आणि मला ती गहुंज्याहून अधिक मोलाची वाटते.

ओकीफचा जन्म डिसेंबर 1984 मध्ये मलेशियात झाला. वडील ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलात होते. तो न्यू साउथ वेल्सकडून खेळू लागला आणि 2010 मध्ये पाकिस्तानविरुद्ध त्याला टी-ट्वेंटी सामना मिळाला. त्याच काळात ऑस्ट्रेलियात शेन वॉर्ननंतर कोण, हा शोध चालला होता. डोहर्टी, बिअर, एकोणीस वर्षांचा ॲगर, असे एकामागून एक डावखुरे गोलंदाज कसोटी खेळून गेले आणि ओकीफ शेफिल्ड शील्ड या तिथल्या देशांतर्गत स्पर्धेत बळी घेत राहिला. 2013-14 च्या मोसमात त्याने 41 बळी घेतले. त्याच्याविषयीचा आक्षेप नेहमी एकच असे, की हा चेंडू फारसा वळवत नाही. ऑस्ट्रेलियातल्या कडक, उसळत्या खेळपट्ट्यांवर, जिथे वापरल्या जाणाऱ्या कुकाबुरा बनावटीच्या चेंडूची शिवण लवकर बसते, तिथे बोटाने फिरकी टाकणाऱ्याला वळण मिळवणे मुळातच कठीण असते, आणि वळणाच्या जोरावरच गोलंदाजाची किंमत ठरवली तर ओकीफसारखा माणूस कायम दुसऱ्या रांगेत राहतो. अखेर ऑक्टोबर 2014 मध्ये दुबईत पाकिस्तानविरुद्ध त्याला कसोटी टोपी मिळाली, सामन्यात 4 बळी मिळाले, आणि पुढच्याच सामन्यात त्याला बाहेर बसवण्यात आले. त्यानंतरची कसोटी मिळेपर्यंत 2016 उजाडले.

जुलै 2016 मध्ये श्रीलंकेत पल्लेकेलेला जे झाले ते मी घरी दूरदर्शन संचावर पाहिले. गोलंदाजी करताना ओकीफच्या मांडीमागचा स्नायू दुखावला होता आणि त्याला नीट धावता येत नव्हते. शेवटच्या दिवशी पराभव समोर दिसत असताना तो यष्टिरक्षक पीटर नेव्हिलच्या साथीला उतरला. दोघांनी मिळून 178 चेंडू खेळून काढले आणि भागीदारी झाली 4 धावांची. सलग 25.4 षटके एकही धाव निघाली नाही. श्रीलंकेचा फिरकी गोलंदाज हेराथ चेंडू टाकतो, ओकीफ लंगडत पुढे येतो, बॅट आणि पॅड जुळवून चेंडू पायाशी मारून टाकतो, पुन्हा मागे जातो. जवळ उभे असलेले क्षेत्ररक्षक वाकतात, उठतात, वाकतात. ओकीफने 98 चेंडूंत 4 धावा केल्या आणि शेवटी हेराथनेच त्याचा त्रिफळा उडवला. सामना ऑस्ट्रेलिया हरलीच, आणि दुखापतीमुळे त्याला मालिका सोडून घरी परतावे लागले. त्या 98 चेंडूंचा कोणत्याही तक्त्यात काही उपयोग झाला नाही. पण फिरकी खेळणारा फलंदाज नेमका कशाने फसतो आणि कशाने वाचतो, याचा त्याहून जवळून अभ्यास करायची संधी फिरकी गोलंदाजाला क्वचितच मिळते. सात महिन्यांनी गहुंज्याला जो गोलंदाज उतरला त्याच्यामागे ही दुपारही उभी होती, असे मला मनापासून वाटते.

भारत दौऱ्यापूर्वी त्याने ब्रिस्बेनमध्ये इंग्लंडच्या माँटी पनेसारसोबत काम केले. 2012 मध्ये वानखेडेवर 11 बळी घेऊन भारताला हरवणारा हाच तो पनेसार. म्हणजे एका डावखुऱ्याने वानखेडेवर कमावलेले ज्ञान दुसऱ्या डावखुऱ्याने एक्स्प्रेसवेच्या या टोकाला आणून वापरले.

आणि मग रांची. गहुंज्यानंतर तीन आठवड्यांनी, मालिका एक-एक अशी बरोबरीत असताना, तिसऱ्या कसोटीत भारताने 210 षटके फलंदाजी करून 9 बाद 603 वर डाव सोडला. पुजाराने 525 चेंडूंत 202 धावा काढल्या. खेळपट्टी पाटा होती, चेंडू ना वळत होता ना घसरत होता. त्या 210 पैकी 77 षटके ओकीफने टाकली. 462 चेंडू. 199 धावा, 3 बळी. मी तो डाव जवळजवळ संपूर्ण पाहिला. गहुंज्याला जो टप्पा होता तोच टप्पा होता, जी रेषा होती तीच रेषा होती, आणि पुजारा ते सगळे बॅटच्या मधोमध घेत होता. विजयला त्याने यष्टिचीत केले, नंतर साहाला शतकानंतर बाद केले, शेवटी उमेशला. दरम्यानच्या कित्येक तासांत त्याच्या हाती काहीही लागले नाही आणि तरीही साठाव्या षटकातला चेंडू सहाव्या षटकातल्या चेंडूसारखाच पडत होता. सामना अनिर्णित राहिला. धरमशालाची कसोटी भारताने जिंकली आणि मालिकाही. ओकीफचे मालिकेत 19 बळी झाले.

यानंतरची हकीकत थोडक्यात सांगतो, कारण ती सांगताना वाईट वाटते, पण ती वगळली तर तुमच्या प्रश्नाला अर्धेच उत्तर दिल्यासारखे होईल. भारतातून परतल्यावर एप्रिल 2017 मध्ये एका समारंभात मद्याच्या अमलाखाली अनुचित बोलल्याबद्दल त्याला 20 हजार ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला आणि त्या वर्षीच्या देशांतर्गत एकदिवसीय स्पर्धेत खेळण्यास मनाई झाली. आदल्या वर्षीही मद्यपानाशी निगडित प्रकरणात त्याला दंड झालेला होता. बांगलादेश दौऱ्याच्या मूळ संघात त्याचे नाव नव्हते. पहिल्या कसोटीनंतर त्याला बोलावणे गेले आणि सप्टेंबर 2017 मध्ये चितगावला तो आपली नववी आणि शेवटची कसोटी खेळला. एकूण 35 बळी, त्यांतले 12 पुण्यातले. मी मुलांपासून हे लपवत नाही. हाताशी आलेली गोष्ट मैदानाबाहेरच्या वागण्याने दुरावते, हेही त्यांनी या माणसाच्या आयुष्यातून पाहावे असे मला वाटते. ज्यांच्याविषयी तो बोलला त्यांना त्याच्या बारा बळींशी काय देणेघेणे?

तरीही तो खेळत राहिला. 2020 मध्ये न्यू साउथ वेल्सने त्याचा करार पुढे चालवला नाही तेव्हा तो प्रथम श्रेणी क्रिकेटमधून निवृत्त झाला, त्या वेळी त्याच्या नावावर 301 बळी होते. सिडनी सिक्सर्सकडून मात्र तो जानेवारी 2024 पर्यंत बिग बॅश या ऑस्ट्रेलियातल्या टी-ट्वेंटी स्पर्धेत खेळला, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत, आणि टी-ट्वेंटीमध्येही सरळ आणि अचूक हीच त्याची ओळख राहिली.

मुंबईच्या पद्माकर शिवलकरांना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना मी काय म्हणतो आहे ते चटकन समजेल. शिवलकरांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये 589 बळी घेतले, 1972-73 च्या रणजी अंतिम सामन्यात चेन्नईला तमिळनाडूविरुद्ध एका डावात 16 धावांत 8 आणि दुसऱ्या डावात 18 धावांत 5 बळी घेतले, आणि बिशनसिंग बेदी असताना त्यांना एकही कसोटी मिळाली नाही. मार्च 2025 मध्ये ते गेले तेव्हा मला ओकीफची आठवण झाली. दोघांच्या योग्यतेची तुलना करण्याचा माझा हेतू नाही, शिवलकर फार मोठे. परंतु डावखुऱ्या फिरकीची जातकुळी एक आहे: संघात जागा एकच, ती दुसऱ्या कोणाची तरी, आणि आपण आपला टप्पा सांभाळत वाट पाहायची. शिवलकरांना ती जागा मिळालीच नाही. ओकीफला मिळाली तेव्हा दोन दिवसांसाठी खेळपट्टीही त्याच्या बाजूची होती, आणि त्या दोन दिवसांत त्याने एकही चेंडू स्वभाव सोडून टाकला नाही.

माझ्या सरावाच्या पिशवीत एक वही असते. तिच्या एका पानावर मी तीन ओळी लिहून ठेवल्या आहेत. 13.1 षटके, 2 निर्धाव, 35 धावा, 6 बळी. 15 षटके, 4 निर्धाव, 35 धावा, 6 बळी. 77 षटके, 17 निर्धाव, 199 धावा, 3 बळी. नवीन मुलगा आला आणि त्याने ओकीफ कोण म्हणून विचारले की मी वही उघडतो, वरच्या दोन ओळींवर तळहात ठेवतो आणि त्याला आधी तिसरी ओळ वाचायला सांगतो.